गुरूवर दगड पडले तो पावसाळा

आमच्या घरात तेव्हा सकाळ-संध्याकाळ काचेवर काच घासल्याचा आवाज असायचा. दारापुढच्या ओट्यावर तेलाचं एक रिकामं पिंप होतं. ते हलू नये म्हणून त्यात दगड भरलेले. पिंपावर जाड काचेची एक चकती पक्की बसवलेली, आणि तिच्यावर दुसरी चकती दोन्ही तळव्यांनी दाबून पुढेमागे ढकलत माझा मोठा भाऊ सिद्धार्थ त्या पिंपाभोवती गोल फिरत असायचा. दोन काचांच्या मध्ये कसलीशी करडी, खरखरीत पूड आणि पाणी. वरची काच अशी घासत राहिलं की ती हळूहळू बशीसारखी खोल होते, मग तिचा आरसा करायचा आणि तो आरसा दुर्बिणीत बसवायचा, असं ते सगळं प्रकरण होतं. मुलुंडच्या एका शाळेच्या वर्गात रविवारी काही हौशी माणसं हे शिकवायची. त्या वर्षी दादाची बारावी होती. आई आत भाकऱ्या थापायला बसली की आतून थप थप आणि बाहेरून खर्र खर्र. शेजारच्या राणेकाकू म्हणायच्या, "गो, तुमच्या घरात बारा महिने गिरणी चालू!" त्यांच्या नवऱ्याची खरी गिरणी कधीच बंद पडली होती, पण हे त्या हसतच म्हणायच्या.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावर राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दारातून खाली बघितलं तर स्टेशनपर्यंत नुसती छपरंच छपरं. विमानतळावर उतरणारी विमानं बरोबर आमच्या डोक्यावरून जायची, इतकी खालून की त्यांची चाकं दिसायची. विमान आलं की बोलणारा माणूस बोलता बोलता थांबायचा, विमान गेलं की तेच वाक्य तिथून पुढे सुरू व्हायचं. आमच्या वस्तीत कुणालाच त्याचं काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. त्या उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात एका रविवारी दादा मुलुंडहून आला तो चपला न काढताच स्वयंपाकाच्या खोलीत शिरला. आई खाली बसून मिरच्या खुडत होती.

"आई, तुझ्या गावचं तळं गोल आहे ना? खोल, वाडग्यासारखं?"

"लोणारचं? हाय की. खारं पाणी. काहून?"

"आज आम्हाला पडद्यावर फोटो दाखवला. ते तळं दगड पडून झालंय. आकाशातून दगड पडला, त्याचा खड्डा आहे तो."

आईनं मिरचीचं देठ बाजूला टाकलं. "चाल, काहीतरीच. राकीसाचं बीळ हाय थे. आमची माय सांगे."

"राक्षस नाही गं, दगड! आणि दगड काही फार मोठा नव्हता. आपल्या ह्या टेकडीपेक्षा लहान असेल. पण पडला केवढ्या जोरात! इथून स्टेशनपर्यंतचं सगळं त्या खड्ड्यात मावेल."

दादा हे अगदी आनंदानं सांगत होता. मी उंबऱ्यात बसले होते. मी खाली बघितलं. आमची गल्ली, पाण्याची टाकी, दूध केंद्र, माझी शाळा, पुलाचा जिना, स्टेशन. हे सगळं मी मनातल्या मनात एका खड्ड्यात घातलं, आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाकले. आई हसली. दादापण हसला. मी मात्र पुढे कितीतरी दिवस विमान आलं की तशीच खाली वाकायचे.

मी तेरा वर्षांची होते. मला माहीत असलेल्या भीती म्हणजे साप, गणिताच्या बाई आणि संडासाच्या वाटेवरचा कुत्रा. या सगळ्यांपासून पळता येत होतं. या नव्या भीतीपासून पळून जायचं कुठे, हे काही केल्या सुचेना. दादाला विचारावं तर तो खुलायचाच. तो सांगायचा, पृथ्वी अशीच दगडावर दगड आपटून, चिकटून झालेली आहे. चंद्रसुद्धा एका मोठ्या धडकेतून झालाय. केवढा तरी गोळा येऊन पृथ्वीवर आदळला, त्यातून जे उडालं ते गोळा होऊन चंद्र झाला. चंद्रावर डाग दिसतात ना, जवळून बघितलं तर सगळे खड्डेच. "आणि मग आपल्यावर का नाही पडत आता?" मी विचारलं. तेव्हा त्यानं मला गुरूबद्दल सांगितलं. गुरू एवढा अजस्र आहे की त्याच्या जवळून जाणारं सगळं तो ओढून घेतो. आपल्या वाटेला लागलेले कितीतरी दगड तो परस्पर गिळून टाकतो. "तो आपला वॉचमन आहे असं समज," दादा म्हणाला. मी तसं समजले. रोज संध्याकाळी मी टाकीच्या कट्ट्यावर जाऊन तो पिवळट ठिपका जागेवर आहे ना, हे बघून यायचे. मगच जेवायचे.

आता हसू येतं. पण वॉचमन जागेवर आहे का, हे रोज बघायला लागणाऱ्या मुलीची रात्र कशी जात असेल, ते तेव्हा कुणाला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

मग पावसाळ्यात ती बातमी आली. म्हणजे मुलुंडच्या वर्गात ती आधीपासूनच होती, दादाला ठाऊक होती, पण आमच्या गल्लीत ती टीव्हीवरून आली. एक धूमकेतू गुरूच्या फार जवळून गेला होता. गुरूनं त्याला असा ओढला की जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, आणि त्या ओढाताणीत तो फुटला. त्याचे तुकडे रांगेनं गुरूभोवती फिरून आता परत येत होते, आणि सगळेच्या सगळे गुरूवर आदळणार होते. टीव्हीवर हे नीट सांगितलं असेलही, पण आमच्या वस्तीत ते जसजसं चढ चढून वर आलं तसतसं बदलत गेलं. कुणी म्हणे गुरू पेटणार आणि दोन सूर्य होणार. कुणी म्हणे तुकडे उडून इकडे येणार, समुद्राला उधाण येणार, मढचे कोळी बोटी वर ओढायला लागलेत. कुणी तरी म्हणालं, गुरुवारी लहान मुलांना घराबाहेर पाठवू नका. त्या गुरुवारी माझ्या वर्गात अर्धे बाक रिकामे होते.

राणेकाकू आमच्या दारात आल्या त्या पदराला हात पुसत. दादा तयार झालेली दुर्बीण पुसत होता. पाइपाचं लांब नळकांडं, तळाशी त्यानं घासलेला आरसा, लाकडी बैठक.

"सिधू, माझ्या बाबा, ता नळकांडा आत ने रे. इतक्यात नको बघू तकडे."

"काकू, बघितल्यानं काय होतंय?"

"माका काय म्हायत नाय. माका भिया वाटता, इतक्या म्हायत हा." त्यांनी आईकडे बघितलं. "गो, तुका नाय वाटत?"

आईनं काकूंना आत घेऊन चहा दिला. त्या दोघी स्टोव्हजवळ खालच्या आवाजात बराच वेळ बोलत होत्या. बाबा बसडेपोत फिटर होते. ते कामावरून आले तेव्हा काकू त्यांनाही तेच म्हणाल्या. बाबा शर्ट खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, "बघू द्या वहिनी. कष्टानं केलीय त्यानं. काय असेल ते आपल्या डोळ्यांनी बघावं माणसानं." पण मी बाबांचे हात बघत होते. ते खुंटी चुकले होते, शर्ट खाली पडला होता.

इतके दिवस पाऊस होता आणि आकाश दिसतच नव्हतं. दादा तळमळत होता. माझं उलट होतं. ढग आहेत तोवर काहीतरी मध्ये आहे, पांघरूण आहे, असं मला वाटायचं. मग एका संध्याकाळी दिवेलागणीला वारा सुटला आणि ढग फाटत गेले. दादा दुर्बीण खांद्यावर घेऊन टाकीच्या कट्ट्यावर धावला. मी मागे, बाबा मागे, गल्लीतली पाचपन्नास माणसंही मागे. राणेकाकूसुद्धा आल्या, पण त्या लांब उभ्या राहिल्या, तोंडावर पदर घेऊन. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दादानं गुडघे टेकून डोळा लावला, दुर्बीण थोडी थोडी सरकवली, आणि थांबला.

तो फार वेळ थांबला. "काय दिसतंय रे?" कुणी तरी विचारलं. त्यानं डोळा काढला नाही. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो बाजूला झाला. बाबांनी बघितलं. मग मला पुढे केलं.

गुरू मला वाटलं होतं तसा ठिपका नव्हता. वाटाण्याएवढा, गोल, सायीच्या रंगाचा. त्यावर फिकट पट्टे, आणि त्याच्या एका कडेला काळे डाग. शाईचं बोट लावावं तसे, एकाशेजारी एक. पट्टे अंधूक होते, पण डाग अंधूक नव्हते. दुर्बीण हलली की सगळा गुरू थरथरायचा आणि त्याच्याबरोबर ते डागही. मी डोळा काढला आणि वर नुसत्या नजरेनं बघितलं तर तो रोजचाच शांत, पिवळट ठिपका. मला ओरडावंसं वाटलं. वॉचमनला मारलं होतं आणि खाली कुणाला पत्ता नव्हता.

"हा एकेक डाग केवढा असेल?" बाबांनी विचारलं.

दादानं उत्तर दिलं, पण त्याचा आवाज मला ओळखूच आला नाही. "पृथ्वीएवढा."

बाकीची माणसं एकेक करून बघून गेली. कुणी "झकास" म्हणालं, कुणी "एवढंच होय?" म्हणालं. दोन सूर्य झाले नव्हते, समुद्र आला नव्हता, म्हणून वस्तीला हायसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरं शाळेत जाऊ लागली. राणेकाकूंनी सगळ्यांना नारळाच्या वड्या वाटल्या. घाबरलेले फक्त दोघं उरलो, मी आणि दादा. आणि माझ्यापेक्षा दादा जास्त.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. ज्याला सगळं आधीच ठाऊक होतं, ज्यानं ते मला हसत हसत शिकवलं होतं, तोच असा कोसळला. त्यानंतरच्या रविवारी तो मुलुंडला गेला आणि परत आल्यावर ओट्यावर नुसता बसून राहिला. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "उज्जू, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. म्हणजे अर्धंच." गुरू दगड अडवतो हे खरं. पण मंगळ आणि गुरूच्या मध्ये असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांना हिसके देऊन वाट सोडायला लावतो तोही गुरूच. त्यातला एखादा मग आपल्याकडे निघतो. लोणारचा तसाच आला असेल. "तो वॉचमन वगैरे काही नाही. त्याला आपण इथं आहोत हे माहीतच नाहीये."

त्यानंतर दादानं हळूहळू सगळं सोडलं. कॉलेजला निघायचा आणि पुलावरून परत यायचा. पुस्तक उघडायचा, पान उलटायचं नाही. ताटात भाकरी मोडून ठेवायचा आणि तशीच टाकून उठायचा. विमान आलं की आता तो दचकायचा, माझ्याहूनही जास्त, आणि माझं मनगट इतक्या जोरात धरायचा की वळ उठायचे. मी हात सोडवत नसे. त्याला धरायला काहीतरी लागत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही लागत होतं. आई विचारायची, "काहून रे बापा, काय दुखते?" तो म्हणायचा, काही नाही. राणेकाकू मीठमिरच्या घेऊन आल्या, दृष्ट काढायला. आईनं बाबांकडे बघितलं. बाबांना असलं काही चालत नसे. पण त्या दिवशी ते उठून बाहेर गेले आणि काकूंना करू दिलं. ओट्यावर पाठमोरे उभे असलेले बाबा मला दिसत होते. मिरच्या जळल्याचा ठसका सगळ्या गल्लीभर झाला, आम्ही सगळे खोकलो, दादाही खोकला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच.

डॉक्टरांनी ताकदीची गोळी दिली. मावशीनं लग्नाचं स्थळ काढायला सांगितलं, तेही सतराव्या वर्षी. मग एका सकाळी बाबा दाढी करता करता आरशातच बघत म्हणाले, "तुझ्या गावाला जाऊ. चौघंही."

"आता? ह्या पावसात?" आई म्हणाली.

"त्याला जे खातंय ते तिथंच पडलंय ना? मग जाऊन बघू."

"आन अजून भेला म्हंजे?"

बाबांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "मग मला तरी कळेल, कशाला भेतोय ते."

कुर्ला टर्मिनसवरून गाडी, पुढे एसटी, रात्रभर ओल्या खिडकीचा वास. मामाकडे उतरलो आणि चहा पिऊन लगेच तळ्याकडे निघालो. मी आधी लहानपणी तिथं आले होते, पण काही आठवत नव्हतं. सपाट रान, ज्वारी-कपाशीचे हिरवे पट्टे, आणि चालता चालता एकदम जमीन संपली. समोर खाली गोल, अफाट, झाडीनं भरलेला खड्डा, तळाशी हिरवं, न हलणारं पाणी. कड इतकी गोल की कुणी भांड्याच्या काठाला हात फिरवून केली असावी. त्या क्षणी मला दगड दिसलाच. आवाज नाही, नुसता दिसला, येताना. मी खाली बसले आणि गवत मुठीत धरलं.

दादा कडेवर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. बाबा त्याच्या मागे दोन हातांवर, त्याला धरता येईल इतक्या अंतरावर. आई मात्र थांबलीच नाही. तिनं चपला हातात घेतल्या, लुगड्याचा काठ वर खोचला आणि पायवाट उतरायला लागली.

"अगं, निसरडं आहे!" बाबा म्हणाले.

"मले नका सांगू," ती वळूनही न बघता म्हणाली. "सिधू, चाल."

आणि दादा गेला. का गेला ते त्यालाही ठाऊक नाही. मी पुढे कितीदा तरी विचारलंय. तो म्हणतो, आई खाली एकटी चालली होती म्हणून. बाबांचा गुडघा धरलेला असायचा, ते वरच राहिले. मी त्यांच्याजवळ बसले. ती दोघं झाडीत दिसेनाशी झाली. बाबा गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "मी ह्याच तालुक्यातला. शंभरदा इथं आलो असेन, गुरं शोधायला. कधी काही वाटलं नाही. आज वाटतंय." मी त्यांच्याकडे बघितलं. "भ्या वाटतंय उज्जू. कुणाला सांगू नको." बाबांना भीती वाटू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांच्या दंडाला बिलगले.

खालून दादाची हाक आली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. कितीतरी दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता. "उज्जू! खाली ये! लवकर ये!"

मला जायचं नव्हतं. पण ती हाक अशी होती की बसून राहवेना. मी बसत, घसरत, मुळ्या धरत उतरले. पुन्हा पुन्हा वर बघत होते. वर आकाशाचा गोल तुकडा होता आणि तो दर वळणावर मोठा वाटत होता. कुठंतरी मोर ओरडला आणि मी किंचाळले. खाली पाण्याला उग्र, कुजका वास होता. पाण्यापासून थोडं अलीकडे आई एका झाडाखाली उभी होती आणि दादा तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. त्याचे डोळे भरून वाहत होते.

"सांग हिला," तो म्हणाला. "आई, हिलापण सांग."

आई संकोचली. "त्यात काय सांगाचं? आमची माय लाकडं वेचाले उतरली होती इथं. पोटात मी होती. भरले नव्हते दिवस, पण कळा आल्या. वर चढनं होईना तिले. संग एक म्हातारी होती, तिनंच केलं सगळं. मग मले पदरात बांधून, मोळी तिथंच टाकून, दोघी वर आल्या."

"तुझा जन्म इथं झाला?" मी विचारलं. "ह्या खड्ड्यात?"

"ह्या झाडाखाली म्हनत माय. नाहीतर त्या. लई वर्सं झाली, झाडं काय थेच राहतात?"

"आम्हाला कधी सांगितलं नाहीस!"

"तुमी कधी इचारलं?"

दादा रडता रडता हसायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण हसू थांबलं की तो पुन्हा पहिल्यासारखा होईल अशी मला धास्ती होती. त्यानं जमिनीवर तळवा टेकवला होता आणि तो उचलत नव्हता.

आज दादा नाहूरला राहतो. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो, दोन मुलं आहेत. बारावी त्यानं पुढच्या वर्षी दिली. तो बरा झाला असं मी म्हणत नाही. मोबाइलवर कधी बातमी येते, अमुक दगड पृथ्वीच्या जवळून जाणार, आणि त्याचा फोन येतो. "वाचलंस?" "वाचलं." "घाबरलीस?" "हो." "मीपण." मग आम्ही मुलांच्या शाळेबद्दल बोलतो. भीती आम्हा दोघांच्याही अंगात राहिली, आणि आई गेल्यावर तर ती मधूनमधून फारच वर येते. पण तो दिवसही अंगात राहिलाय.

त्या दिवशी दादा त्या झाडाखालून उठेना. मी त्याच्या शेजारी बसले. आई पाण्याच्या कडेनं थोडी लांबवर जाऊन आली, कुठल्याशा देवळाच्या पायरीवर बसली, परत आली आणि आमच्यापुढे भाकरीचं फडकं सोडलं. वरून बाबांची हाक आली, एसटीची वेळ झाली होती. आईनं वर बघून हात केला. पुन्हा हाक आली. आमच्यातलं कुणीच उठलं नाही, आणि मग बाबांनी हाका मारणं सोडून दिलं. थोड्या वेळानं झाडीत खडे घरंगळल्याचा आवाज झाला. आम्ही तिघांनी दचकून वर बघितलं. दुखरा गुडघा धरून, एका हातानं फांद्या बाजूला करत बाबा उतरत होते.